चाळीस फुटीत किती बसतं

आबा, आज सकाळी कंपनीच्या गेटवर एका नव्या ड्रायव्हरनं मला विचारलं, "मॅडम, चाळीस फुटी म्हंजी विसाच्या डबल माल ना?" मी त्याला कंटेनरच्या दारापाशी नेलं, दारावरचा वजनाचे आकडे लिहिलेला पत्रा दाखवला. म्हटलं, जागा दुप्पट असते रे, पण वजन दोन्हीत जवळपास सारखंच घालायचं, सव्वीस टनाच्या पुढं जायचं नाही. प्लास्टिकचे डबे, फोम असला हलका माल असला तर चाळीस फुटी घ्यावी. गूळ, साखर, लोखंड असलं तर विसाचीच बरी. "व्हय की," म्हणाला आणि चहाला गेला. अर्ध्या मिनिटात कळलं त्याला. तुम्हाला तेवढंच सांगायला गेले होते मी, आणि माझं कॉलेज गेलं.

तुम्ही सांगलीच्या गूळबाजारात हमालांचे मुकादम. ट्रक लांबून नुसता बघून किती खोकी बसतील ते सांगायचात, आणि ते बरोबर यायचं, हे मी नाकारत नाही. बारावी झाल्यावर मी तुमच्या शेठच्या गोदामात खोकी मोजून वहीत लिहायला येत होते. दहा किलो गुळाचं एक खोकं, वीस फुटी कंटेनरमध्ये दोन हजार खोकी. कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात माझा नंबर लागला होता, आणि तुम्ही बाजारभर सांगत होतात, "आमची पोरगी लय हुशार हाय." मग एक दिवस पहिल्यांदाच चाळीस फुटी आली. तुम्ही तिच्याभोवती एक चक्कर मारलीत आणि म्हणालात, "विसाच्या दोन झाल्या. चार हजार लिव."

मी दारावरच्या पत्र्यावरचं इंग्रजी वाचलं होतं. म्हटलं, "आबा, यात सव्वीस टनच घालायचं असं लिहिलंय. चार हजार खोकी म्हणजे चाळीस टन होतील." हमाल पाठीवरची खोकी तशीच ठेवून थांबले. तुम्ही त्यांच्याकडं बघितलंत, मग माझ्याकडं. "एवढी जागा दिसतीया, ती मोकळी धाडू व्हय? पंचवीस वर्सं माल भरतोय, पत्रं वाचून न्हाई भरला. कालची पोर तू, मला शिकिवतीस?" सगळे खो खो हसले. मी मान खाली घालून चार हजार लिहिले.

संध्याकाळी ट्रेलर वजनकाट्यावरून परत आला. चौदाशे खोकी उतरवायची होती, जहाज चुकणार होतं, शेठ तांबडेलाल झाले होते. आणि तुम्ही काय केलंत? ती वही उघडून त्यांच्यापुढं धरलीत. "पोरीच्या मोजण्यात घोळ झाला, शेठ. ह्ये बघा, तिचंच अक्षर हाय." मी तिथंच उभी होते, हाक मारायचीही गरज नव्हती इतक्या जवळ. तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत. वड्याचं तेल वांग्यावर काढणारे बाजारात ढीगभर होते, आबा, पण पोटच्या पोरीवर काढणारे तुम्हीच.

घरी आई भाकरी थापत होती. सगळं ऐकून तिनं हात थांबवला. "आवं, शेठला जाऊन खरं सांगा की. लेकराची काय चूक?" तुम्ही म्हणालात, "मुकादमाचा अंदाज चुकला म्हंटल्यावर उद्या कोण इचारंल मला?" तेवढंच असतं तर मी गिळलं असतं. पण पोरीला मोजता येत नाही असं एकदा बाजारभर झालं, मग तीच पोर इंजिनिअरिंगला कशी धाडायची? ते खोटं निभवायला तुम्ही प्रवेशाची तारीख जाऊ दिलीत, आणि दिवाळीनंतर मला साताऱ्याला देऊन टाकलंत. मला तुमचा राग येतो. अजून येतो, जेवताना मधेच येतो.

साताऱ्यात मी एमआयडीसीत पॅकिंगला लागले. बारा वर्षांनी कंटेनर भरून घेण्याचं काम माझ्याकडं आलं. ते बघायला तुम्ही एकदाच आलात, तुमच्या शेवटच्या दिवाळीत, फडक्यात गुळाची ढेप बांधून. चाळीस फुटी लागली होती, माझी आठ माणसं माल भरत होती. तुम्ही दारावरच्या पत्र्यावरून बोट फिरवलंत आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलंत, "चाळीस फुटीत किती माल बसतो गं, बाई?" माणसं थांबली. मी म्हटलं, "तुम्हीच सांगा की, आबा. तुम्हाला कुठं पत्रा वाचायला लागतो?" सगळे खो खो हसले. तुम्हीही हसलात, "व्हय, व्हय," म्हणालात. मग ढेप माझ्या टेबलावर ठेवून एसटी गाठायला निघालात. त्यानंतर आपली गाठ पडली नाही. फेब्रुवारीत तुम्ही गेलात.

आईला मी सांगितलं, आबा सहज बघायला आले होते. नवऱ्यालाही तेच सांगितलं. हे पत्रही आता वहीतच राहणार, म्हणून इथं कबूल करते. तुम्ही कशासाठी विचारताय ते मला तिथंच, विचारताक्षणी कळलं होतं. मी "सव्वीस टन" म्हणायचं, आणि तुम्ही त्या आठ माणसांदेखत "तवा तुझंच खरं हुतं" म्हणायचं, एवढंच राहिलं होतं. ते ऐकायला मी इतकी वर्षं थांबले होते. पण त्या वेळी मला त्याहून जास्त, लोक तुमच्यावर हसलेले हवे होते.