पाव्हणं कुठलं?

आकुर्डी, १ नोव्हें. ७३, गुरु.
सुट्टी. घरमालक आबा सकाळीच दारात. कोपऱ्यातली खोली रिकामी झाली. शेत कारखान्यात गेल्यापासून आबा खोल्यांचंच पीक घेतात. म्हणाले, "आमास्नी ह्या परगावच्यांचं काय कळत न्हाई. तू कंपनीतला, तूच इचारून घेत जा." जात थेट विचारायची नाही, बरं दिसत नाही. पाव्हणं कुठलं, बायको कोणत्या घरातली, एवढंच विचारायचं. बाकी आपोआप कळतं. माणूस आपल्यातलाच हवा म्हणे.

हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? शांता आतून ऐकत होती. हसली.

२ नोव्हें., शुक्र.
आम्हाला खोली मिळाली त्या दिवशी आबांची म्हैस व्यायला आली होती. मी जाधव म्हटल्यावर 'बरं बरं, सामान आणा' म्हणत गोठ्याकडे पळाले. एवढा तरबेज माणूस, म्हशीपायी फसला. जाधव त्यांच्यातही असतात, आम्हा बौद्धांतही. आम्ही खोटं काही बोललो नाही. शांता म्हणते, खरं तरी कुठं बोललो?

८ नोव्हें., गुरु.
पहिला आला तो दगडू सोनवणे. कंपनीत आमच्याच पेंट शॉपमधला, लातूरकडचा. बाबासाहेबांच्या जयंतीला पिंपरीत मिरवणुकीत आम्ही बरोबर होतो, एका ताटात जेवलो. मी इथं राहतो हे त्याला ठाऊक नव्हतं. बायको पोटुशी, मेहुण्याच्या खोलीत दाटीवाटीनं राहतात. हातापाया पडून सांगत होता. आबा शेजारी खाटेवर सुपारी कातरत.

मी विचारलं, "पाव्हणं कुठलं तुमचं?"

तुमचं म्हणालो. रोज अरे-तुरे करतो त्याला.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग आबांकडे. म्हणाला, "न्हाई राव, खोली लहान पडंल आमाला." चपला घालून गेला.

आबा खूश. बराबर हेरलास म्हणे. मी कसलं हेरतोय. त्यानंच मला वाचवलं.

९ नोव्हें., शुक्र.
कँटीनमध्ये दगडू नेहमीच्या बाकावर. सरकून जागा करून दिली. कालचं अवाक्षर नाही. भाजीत मीठ कमी आहे, म्हणाला. चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. इतकी लाज आजवर कशाची वाटली नव्हती.

१३ नोव्हें., मंगळ.
शेवटी शांताला सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, कितवा महिना आहे त्याच्या बायकोला? मला माहीत नाही. सोयरीक विचारली, हे विचारायचं राहिलं. शांता जेवली नाही. दगडूला खोली अजून मिळालेली नाही.

१५ नोव्हें., गुरु.
आबा आले. आज दोघं येणार आहेत, घरीच रहा म्हणाले. शांतानं चहा दिला. अर्धा प्यायले असतील, तेवढ्यात मी म्हणालो, "आबा, पाव्हणं कुठलं, हे तुम्ही मला कधी विचारलंच नाही."

"तुला काय इचारायचं? तू तर घरचाच हायस."

मग सांगून टाकलं. कुठले जाधव ते. शांताचं माहेर. दगडूही आमच्यातलाच, आणि तो का निघून गेला तेही. वाटलं होतं मोकळं वाटेल. तसं काही वाटलं नाही. म्हाताऱ्याचा चेहरा बघून वाईटच वाटलं.

आबांनी कपाकडे पाहिलं. मग उरलेला चहा प्यायले, कप खाली ठेवला आणि गेले. दुपारी ते दोघं आले, त्यांना आबांनीच परत पाठवलं. काही विचारलंही नाही म्हणे. कोपऱ्यातल्या खोलीला कुलूप आहे.

शांता विचारते, सामान बांधायला घेऊ का.