लिओचं रीळ उन्हात

५ जून, गुरुवार
आर्थरला हॉस्पिटलात सोडून आले. उद्या खुब्याचं ऑपरेशन, मग महिनाभर रिहॅब. शेजारी म्हणून या म्हाताऱ्याने मला कमी छळलेलं नाही. पाचोळ्यावरून भांडण, कचऱ्याच्या डब्यावरून भांडण. तरी निघताना माझा पाय निघेना.
जायच्या आधी तळघरातून एक डबा आणायला लावला. पत्र्याचा, चपटा, कडेला गंजलेला. आत लिओचं रीळ. बाकीच्या फिल्म्स सडल्या तरी चालतील म्हणाला. तरुणपणी न्यूयॉर्कमध्ये केलेल्या, कुणाच्या तळघरात नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये चादर बांधून दाखवलेल्या. गोष्ट नाही, आवाज नाही. मला एकदा एक दाखवली होती. भिंतीवरून सरकणारं ऊन, बस. मी झोपले. तो नाराज नाही झाला. झोप लागली म्हणजे पोचली म्हणाला.
लिओ त्याचा जोडीदार. तरुणपणीच गेला, गाडीचा अपघात. त्याच्या घरच्यांनी एकूण एक फोटो उचलून नेले. राहिली ही तीन मिनिटं. आर्थरने स्वतःही कधी पाहिलेली नाहीत. कॅमेरा चालू करून आपण खोलीबाहेर निघून जायचं, ही त्यांची तेव्हाची पद्धत. तो बाहेर पडला तेव्हा लिओ खिडकीशी बसून संत्रं सोलायला घेत होता. पुढे काय झालं ते फक्त त्या रिळाला माहीत. कॉपी नाही. आता म्हणतो, मरायच्या आधी एकदा बघायचंय. मी लॅबमध्ये नेऊन स्कॅन करून आणायचं, तोवर थंडाव्याला ठेवायचं.
आमच्या खालच्या फ्रीजमध्ये ठेवलंय.

९ जून, सोमवार
ऑपरेशन नीट झालं. आर्थर फोनवर नर्सना शिव्या घालत होता, म्हणजे बरा आहे.
लॅबला जायचं राहिलं. ऑफिसात या आठवड्यात सॉफ्टवेअरचं रिलीज, डोकं वर काढायला फुरसत नाही.
डबा देताना आर्थर रडला ते आईने पाहिलं होतं, संत्र्याचं मी तिला सांगितलं होतं. जेवताना विचारलं, हा लिओ म्हणजे आर्थरभाऊंचा कोण? मी म्हटलं, मित्र. आई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलीये, कशाला तपशिलात शिरा. तर म्हणाली, "मित्राच्या रिळासाठी माणूस असा रडतो होय? त्यांचा माणूस होता, तसं सांग ना." मी वरणभात कालवत राहिले.

१२ जून, गुरुवार
काय लिहू.
संध्याकाळी घरी आले तर आई घरामागच्या लाकडी डेकवर. खाली तिचं जुनं सुती पातळ अंथरलेलं आणि त्यावर लिओ. फिल्म सोडवून, वेटोळी वेटोळी करून पसरलेली, टोकांवर कुंडीतले दगड. कुरडया घालाव्यात तशी. काळजीने घातलेली, हे बघूनच कळत होतं. एकावर एक येऊ दिलेली नव्हती.
तीन दिवस घालत होती. मी ऑफिसला गेले की बाहेर, मी यायच्या आत डब्यात. आज मी लवकर आले.
तिचं म्हणणं, फ्रीज उघडला की आंबूस वास येऊन राहिला होता. आधी तिला लोणचं बिघडलं वाटलं. मग डबा सापडला. इतक्या जपून ठेवलेल्या वस्तूला वास लागलाय, कडक ऊन दाखवलं की जाईल. आर्थरभाऊ घरी येतील तेव्हा स्वच्छ मिळेल.
जुनी फिल्म आतून कुजायला लागली की व्हिनेगरसारखा वास सुटतो. हे आर्थरने मला सांगितलं होतं. मी आईला सांगितलं नव्हतं.
उचलायला गेले तर कडा वळलेल्या. दोन ठिकाणी तुटली. उजेडात धरली, सगळं फिकट गुलाबी. कुठे खिडकीसारखं काही, कुठे काहीच नाही. आईला म्हणाले, तू त्या माणसाचा माणूस दुसऱ्यांदा मारलास. बोलून गेले. ती पातळाची घडी घालत राहिली.

१४ जून, शनिवार
लॅबला देऊन आले. तिथल्या बाईने डबा उघडला, मग माझ्याकडे बघितलं. प्रयत्न करू म्हणाली. तिच्या टेबलावर टिशूंचा खोका होता. इथे रडणारी मी पहिली नसावी.
लेकीला, इराला, कॉलेजवर फोन. "मॉम, जस्ट टेल हिम." यांचं सगळं सोपं असतं.

१६ जून, सोमवार
सांगितलं.
आर्थर ओरडेल अशा तयारीने गेले होते. ओरडला असता तर बरं झालं असतं. ऐकून घेतलं आणि टीव्ही लाव म्हणाला. कुठलातरी बेसबॉलचा खेळ. त्याला बेसबॉल आवडत नाही. अर्धा तास दोघं तो बघत बसलो. निघताना मी सॉरी म्हटलं तर हात नुसता वर केला, माझ्याकडे न बघता.

१८ जून, बुधवार
रिहॅबमधून नर्सचा फोन. तो जेवत नाहीये, व्यायामाला उठत नाहीये. घरचं कोणी आहे का त्यांचं? मी म्हटलं, मीच आहे.
आई दिवसभर देवापाशी. माझ्याशी बोलणं कामापुरतं. रात्री म्हणाली, मले घेऊन चल त्यांच्याकडे. नेहमी शुद्ध बोलणारी बाई, फार खचली की तिच्या माहेरची बोली बाहेर येते.

१९ जून, गुरुवार
आज सुट्टी. आईला घेऊन गेले. तिने त्याच्यासाठी शिरा केला होता. खोलीत शिरल्या शिरल्या वाकली आणि त्याच्या पायाला हात लावला, ऑपरेशनच्या बाजूच्या. तो दचकला. मी समजावलं की ही माफी आहे. तो म्हणाला, कळलं मला, भाषांतर नको.
आईने शिऱ्याचा डबा त्याच्या टेबलावर ठेवला. आणि त्याने एकदम विचारलं, मला नाही, तिला: उन्हात घालताना तुम्ही फिल्म हातात धरली असेल ना? उजेडात बघितली असेल. त्याचा चेहरा दिसला का?
मी भाषांतर केलं. आई त्याच्याकडे बघत होती.
"दिसला नं," आई म्हणाली. "हसून राहिला होता."
मी सांगितलं. आर्थरने मला पुन्हा सांगायला लावलं.
मग त्याने जे सांगितलं ते इतक्या वर्षांत मला कधी बोलला नव्हता. त्या सकाळी त्यांचं भांडण झालेलं. लिओ म्हणत होता, माझ्याशी बोल. आर्थरने बोलायचं सोडून कॅमेरा त्याच्यासमोर उभा केला, बटण दाबलं आणि बाहेर निघून गेला. परत आला तर लिओ गाडी घेऊन गेलेला. मग फोन आला तो पोलिसांचा. रीळ डेव्हलप करून आणलं आणि डबा बंद केला. त्यात लिओ आपल्याकडे कसा बघत असेल, या भीतीने पुन्हा उघडला नाही. एवढी वर्षं माझ्या डोक्यात तो रागाने बघतोय, म्हणाला. रागाने नाही तर रडत.
आईने विचारलं काय म्हणतात. मी सांगितलं. तिने त्याचा हात धरला आणि सांगत सुटली. शर्ट पिवळा होता. संत्र्याची फोड अशी पुढे केली, कॅमेऱ्याकडे, घे म्हणून. मी भाषांतर करत गेले. मलाही दिसायला लागलं.
त्याने शिरा खाल्ला. सगळा.

२० जून, शुक्रवार
नर्स म्हणाली, आज वॉकर घेऊन कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेला. भेटेल त्याला सांगतोय, "ही लाफ्ड." तो हसला होता.
घरी येऊन आईला आनंदाने हे सांगितलं. ती गवार मोडत होती. मान वर केली नाही. म्हणाली, मला नाही दिसलं काही.
कळेना. म्हणजे?
"एवढं एवढंसं चित्र, माझे डोळे असे. पहिल्या दिवशी पिवळं काही होतं. माणूस होता की पडदा होता, देवाला माहीत."
मग का सांगितलंस?
"त्यांच्या तोंडाकडे पाहिलं अन् निघून गेलं माझ्या तोंडातून."
चिडायला हवं होतं. चिडता आलं नाही. त्याच्यापुढे मी काय वेगळं सांगितलं असतं? तरीही. एका माणसाला साठ वर्षं सतावणारा प्रश्न, आणि आम्ही मायलेकी त्याचं उत्तर शिऱ्यासोबत भरवून आलो. मीसुद्धा. फोड पुढे केली हे मी इंग्रजीत किती रंगवून सांगितलं.

२६ जून, गुरुवार
लॅबचा फोन. बाईचा आवाज चक्क आनंदी. बाहेरचा भाग गेला, पण रिळाच्या अगदी आतले फेरे शाबूत आहेत. आईने ते सोडवलेच नव्हते, डेकवर जागा पुरली नाही. शेवटचं अर्धं मिनिट. रंग थोडे उतरलेत, पण चेहरा स्वच्छ आहे म्हणाली. मी विचारणार होते, कसा आहे चेहरा? नाही विचारलं. लिंक पाठवते म्हणाली.
नेमकं शेवटचं. लिओ उठून जायच्या आधीचं.
लॅबने आर्थरलाही कळवलं होतं, डब्यावर त्याचा नंबर. मी करायच्या आधी त्याचाच फोन आला. त्याच्यापासून काही लपवायची सोयही राहिली नाही. उद्या लॅपटॉप घेऊन ये, म्हणाला. आणि आईला आण. तिने उन्हात डोळे ताणून बघितलं, आता नीट मोठा बघू दे तिला.

२७ जून, शुक्रवार
लिंक आलीये. उघडली नाही. सकाळपासून चार वेळा बोट त्यावर नेलं. आधी बघून ठेवलं तर काय करणार? वाईट असेल तर इंटरनेट चालत नाही म्हणू? त्याच्या आधी मी बघणं बरोबरही नाही. तो लिओ माझा नाही.
आईला म्हटलं, तू राहा घरी. डोकं दुखतंय म्हणून सांगते.
"नको. मी म्हटलंय ना हसत होता म्हणून. मग मीच बसून पाहीन."
चांगलं पातळ नेसली. गाडीत पदर नीट करत बसली. एकदाच विचारलं, आपल्या मनात असतं ते कधी खरं निघत असेल का गं? मी म्हटलं, कधीकधी. सिग्नल सुटला.
रिहॅबच्या पार्किंगमध्ये लिहितेय. आईला पुढे पाठवलं, म्हटलं चार्जर घेऊन येते. चार्जर पर्समध्येच आहे. इथून त्याची खिडकी दिसते. आर्थर दाढी करून, कोट घालून खुर्चीत बसलाय. आईची खुर्ची त्याने स्वतःच्या खुर्चीला चिकटवून घेतली. आता आई उठून पडदा ओढतेय, अंधार हवा म्हणून. दोघं माझी वाट बघतायत.