या आठवड्याचा जिना

मी, मेश्टिल्ड आयझेले, निवृत्त शिक्षिका, वय एक्याऐंशी, राहणार एस्लिंगन, हे सर्व स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट माझी मुलगी डोरोथे म्हणाली, "आई, असल्या जड गोष्टींनी मन गढूळ करू नकोस." म्हणूनच लिहिते आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. घर. हे तीन मजली घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. वरच्या मजल्यावर श्रीमती झ्देन्का मारुशिच, मधल्यावर मी, तळमजल्यावर श्री. क्नाप. जिना आणि दारापुढचा रस्ता आठवड्याआठवड्याने एकेका बिऱ्हाडाकडे येतो. ज्याचा आठवडा, त्याच्या दारावर लाकडी पाटी. शनिवारी पाटी पुढच्या दारावर जाते. दुसऱ्याच्या आठवड्यात जिना झाडणे म्हणजे त्याला तोंडावर गलिच्छ म्हणणे. डोरोथे या घरात वाढली आहे. तिला हे बोलायला लागायच्या आधीपासून माहीत आहे.

तरीही गेल्या सप्टेंबरात मी बहिणीकडे गेले असताना ती आपले विद्यार्थी घेऊन इथे आली. ती 'सजगतेने घरकाम' या नावाचे वर्ग घेते. अनवाणी, डोळे मिटून, पायरीगणिक दीर्घ श्वास घेत त्या मंडळींनी जिना झाडला. आठवडा मारुशिचबाईंचा होता. बाई बाजारातून परतल्या, तो त्यांच्या दारात अनोळखी माणसे गुडघ्यांवर बसलेली. त्यानंतरचे बाईंचे आणि डोरोथेचे बोलणे श्री. क्नाप यांनी दार किलकिले करून शब्दनशब्द ऐकले आहे.

"हे काय चाललंय?"

"काकू, तुम्ही निवांत बसा. आज तुमचं काम आम्ही करतोय. अगदी प्रेमानं."

"का? माझा जिना घाण आहे?"

"घाणीचा प्रश्नच नाही हो. आम्ही मन झाडतोय."

"मग ते आपापल्या घरी झाडा!"

मी परतले तेव्हा सगळ्या कोपऱ्यांत केर तसाच होता. डोळे मिटून झाडल्यावर दुसरे काय होणार? तोवर आठवडा माझा झाला होता, म्हणून तो मी काढला. मारुशिचबाईंचा अबोला मात्र मला काढता आलेला नाही. त्या आता पाटी माझ्या दारावर टांगत नाहीत, घंटीही वाजवत नाहीत. पायपुसण्यावर उलटी ठेवून निघून जातात. दोनदा मी वर जाऊन बोलू पाहिले. "मला घाई आहे," म्हणाल्या. चाळीस वर्षांचा शेजार आणि घाई!

माझ्यामागे इथे केंद्र काढावे असे डोरोथेच्या मनात आहे. जिना साधनेसाठी 'तयारच आहे' म्हणे. जिना कधी तयार नसतो. दर शनिवारी तो पहिल्यापासून करावा लागतो.

घर डोरोथेलाच मिळेल. ती एकुलती एक आहे. मात्र पहिले वर्षभर तिने माझ्या मजल्यावर राहावे आणि आपल्या वाटणीचे आठवडे स्वतः, एकटीने, डोळे उघडे ठेवून करावेत. विद्यार्थी नकोत, उदबत्ती नको. मारुशिचबाई इथे राहतात तोवर केंद्राचे नाव काढू नये. हे न जमल्यास घर चर्चच्या वृद्धाश्रमाला द्यावे.

२. श्पेट्झले या आमच्याकडच्या जाड शेवयांचे पीठ ज्यावरून उकळत्या पाण्यात खरवडतात ती फळी आणि सुरी मारुशिचबाईंना. डोरोथे पाकिटातले खाते.

३. श्री. क्नाप यांना माझे पायपुसणे. पाऊस पडला की रस्ता आपोआप झाडला जातो असे त्यांचे मत आहे. त्यांनी हे वाचूनच सही करावी.

४. त्युबिंगनला शिकत असताना घेतलेले धर्मशास्त्राचे ग्रंथ ज्याला उचलवतील त्याने न्यावेत. त्यांत आत्म्याविषयी पुष्कळ आहे, कोपऱ्यांविषयी काही नाही.

५. पाटी. या अबोल्याच्या कितीतरी आधी, माझे पती ऑयगेन यांना एका शुक्रवारी मूठमाती दिली. शनिवारी मी काळ्या कपड्यांत, बुटांसकट अंथरुणावर पडून होते. घंटी वाजली. दारात मारुशिचबाई, हातात पाटी.

"आयझेलेबाई, हा आठवडा तुमचा आहे."

"आज?"

"आज शनिवार आहे."

डोरोथे माझ्यामागून ओरडली, "काकू, तुम्हाला काळीज आहे का? द्या इकडे, मी करते!"

"पाटी तुझ्यासाठी नाही आणलेली," बाई म्हणाल्या. त्यांनी ती खिळ्याला टांगली आणि वर गेल्या.

मी बादली भरली. वरून खाली येत, पायऱ्यांच्या पितळी पट्ट्या घासता घासता मला भूक लागली. ऑयगेन गेल्यापासून पहिल्यांदा. रस्ता झाडून वर आले आणि बटाट्याचे सॅलड उभ्यानेच, भांड्यातून खाल्ले. याला डोरोथेने काय हवे ते नाव द्यावे. देव कोणत्या पायरीवर होता हे मी, जन्मभर शाळेत धर्म शिकवूनही, सांगू शकत नाही. पण बाईंनी त्या दिवशी दया दाखवून माझा जिना झाडला असता, तर मी उठले नसते एवढे मला कळते.

म्हणून माझ्या दफनानंतरच्या शनिवारी मारुशिचबाईंनी ही पाटी डोरोथेच्या दारावर टांगावी, घंटी वाजवावी आणि तेच वाक्य बोलावे. डोरोथे रडत असेल. रडू द्यावे. झाडून देऊ नये.

हस्तलिखित मृत्युपत्राला आमच्याकडे साक्षीदार लागत नाहीत. मला लागतात. श्री. क्नाप यांनी माझ्या टेबलाशी बसून वाचले. वरच्या मजल्यावर हे कागद दाराखालून सरकवत आहे.

एस्लिंगन, शनिवार, १२ फेब्रुवारी २०२२
मेश्टिल्ड आयझेले

साक्षीदार:

योआखिम क्नाप, तळमजला. पायपुसणे मिळाल्यास आभारी राहीन. रस्त्याबद्दलचे विधान अमान्य.

झ्देन्का मारुशिच, वरचा मजला. वाचले. पाटी दारावर टांगली आहे, घंटी दोनदा वाजवली, तुम्हाला ऐकू येत नाही. हा आठवडा तुमचा आहे. जिन्याची खिडकीही पुसा.