भरीव पुढे, पोकळ मागे

सर,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, की चाळीसगावच्या आपल्या कॉलेजात तुमचं नाव काढलं तर आता कुणी ओळखत नाही. मी मात्र अजून तुमच्याच शिकवण्यावर भागवते. आज इथे शिंदखेड्यात अकरावीला उतारावरून गडगडणाऱ्या वस्तूंचं घर्षण शिकवायचं होतं, म्हणून तुमच्यासारखीच विटा लावून फळी तिरपी केली.

तुमचा तो तास आठवतो. उतारावरून गडगडणाऱ्या रुळाच्या गणितात घर्षण जास्तीत जास्त जेवढं असू शकतं तेवढं सगळं फळ्यावर लिहून मी मोकळी झाले होते. ‘तो रूळ घसरतोय का?’ तुम्ही खेकसलात. ‘नाही ना? मग एवढं घर्षण कशाला? घरचं तूप असल्यासारखं ओतू नकोस, लागतं तेवढंच घे.’ वर्ग हसला, माझे कान तापले. मग तुम्ही भरीव लोखंडी रूळ आणि तेवढाच जाड पोकळ पाइप एकदम सोडलात. भरीव पुढे, पोकळ मागे. मग तुम्ही फळीवर शेंगदाण्याचं तेल ओतता, ती आणखी उभी करता, आणि या खेपेला दोन्ही घसरत जवळजवळ एकदमच खाली येतात. ‘बघा,’ तुम्ही म्हणता, ‘घर्षण अडवतं, पण फिरवतंही तेच.’ मास्तरकीच करायची, हे मी त्याच बाकावर बसून ठरवलं.

आज माझ्यासमोर एकच मुलगी होती. बाकीची पोरं पटावर आमची, पण बसतात धुळ्याच्या क्लासला. इथे प्रॅक्टिकलपुरती उगवतात. ही रोज येते. रूळ खाली आला तशी म्हणाली, ‘मॅडम, घर्षण मागे ओढतं, मग ते ऊर्जा का खात नाही?’ असा प्रश्न ऐकून किती दिवस झाले होते! मला भरूनच आलं. रूळ जिथे टेकतो ती जागा त्या क्षणी सरकतच नाही, असं सांगायला लागले, तोच दारात तिचे वडील, सगळी क्लासला जातात तर ही एकटी इथे कशाला, असं विचारत.

‘मॅडम, बठ्ठा पोरे क्लासले जातस. हाई एकटीच आठे काय करी?’

मुलगी माझ्याकडे बघत होती. राहू द्या तिला, एवढंच मी म्हणावं असं तिला वाटत होतं, ते मला स्वच्छ दिसत होतं. मी म्हणाले, ‘पाठवा भाऊ. इथे आता काही उरलं नाही.’ तिनं दप्तर उचललं. उत्तर अर्धंच राहिलं, आणि उद्यापासून माझा वर्ग रिकामा.

हे पत्र टाकायचं नाहीच, टाकणार तरी कुठे? पण तुम्ही विचारलं असतंत, तिला अडवलं का नाहीस. कोणत्या तोंडानं अडवणार, सर? माझा स्वतःचा मुलगा जूनपासून त्याच क्लासला जातो.