नवव्या गाण्यातला उजवा हात

मी, महेंद्र सुदाम शेजवळ, वय एकसष्ट, निवृत्त फिटर, राहणार अंबरनाथ पूर्व, हे मृत्युपत्र स्वखुशीने सांगत आहे आणि वकील मैत्रेयीताई ते लिहून घेत आहेत. डोकं पूर्ण ठिकाणावर आहे. मार्चमध्ये पॅरालिसिसचा झटका आला, तेव्हापासून ठिकाणावर नाही तो फक्त उजवा हात.

१. राहता फ्लॅट व बँकेतली शिल्लक पत्नी यशोधरा हिला. तिच्यामागे मुलगा धम्मदीप याला. तिच्या हयातीत त्याने फ्लॅट विकायचं नावही काढू नये.

२. पाने, मायक्रोमीटर, ड्रिल मशीन धम्मदीपला. वापरणार नाही, माहीत आहे. निदान भंगारात घालू नकोस, राजा.

३. ॲम्प्लिफायर आणि पेडल सुजितला. सुजित आमच्या ‘बॉयलर शेड’ बँडचा ड्रमर. कंपनीच्या गॅदरिंगपासून आम्ही जुनं रॉक वाजवत आलो. लोक हळदीला नाचायची गाणी मागायचे, आम्ही पंधरा मिनिटं नुसती गिटार घुमवायचो. सुपारी कोण देणार, डोंबल! साठ-सत्तरच्या दशकातल्या त्या झिंगलेल्या रॉकला सलाम म्हणून ‘उलटा पंखा’ हा अल्बम आत्ता कुठे बेलवलीच्या स्टुडिओत करायला घेतला. आठ गाणी झाली. नवव्यातली गिटार तेवढी राहिली आणि हात गेला.

४. शेजारी दिनानाथ पाटकर यांनी आमच्या प्रॅक्टिसला जन्मभर भिंत ठोकली. त्यांना काहीही नाही. झटका आला तेव्हा मला उचलून खाली नेलं ते त्यांनीच, म्हणून शिवीही नाही.

५. गिटार. हे सांगताना मला रडू येतंय, तसंच लिहा ताई. डावा हात अजून सूर बरोबर धरतो, पण तारा छेडणार कोण? म्हणून त्या नवव्या गाण्याला यशोधरा शेजारी बसली. मी मान हलवली की तिने तार छेडायची. सुजितने रेकॉर्ड केलं. ती कधी लवकर, कधी उशिरा. मध्येच “अहो, आता? आता छेडू का?” असं तिचं ऐकूही येतं. मी चिडलो, नको ते बोललो. ती म्हणाली, “मला नाही जमत हो. पण दुसऱ्या कुणाला इथं बसू देणार नाही.”

तेच रेकॉर्डिंग अल्बममध्ये घ्यावं. सुजितला दुसरा गिटारवाला आणायचाय. “महेंद्रभाऊ, लोक हसतील,” म्हणतो. ताई म्हणतात, गाणं सगळ्या बँडचं, तुम्हाला एकट्याला त्याचं काही ठरवता येणार नाही. मग मी करू तरी काय? घर देता येतं, ड्रिल मशीन देता येतं, आणि हे एवढंच देता येत नाही? सुजित, हा हुकूम नाही रे, पाया पडतो. हसू देत लोकांना. गिटार यशोधराला.

साक्षीदार:
१. दिनानाथ पाटकर, शेजारी
२. डॉ. बबन गांगुर्डे

स्थळ: अंबरनाथ
दिनांक: १४ जून २०२५

सही: डाव्या हाताने करून पाहिली, कागद वाया गेले. उद्या कोर्टात कुणी शंका काढेल म्हणून ताईंनी शाईचा पॅड पुढे केला. आमचे आबा गिरणीतून सुटून प्रौढ वर्गात जायचे, तिथं सही शिकले. माझ्या हातात पेन्सिल देऊन म्हणाले होते, “या घरात यापुढं अंगठा नाही.”

आबा, माफ करा.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा, महेंद्र सुदाम शेजवळ.