चाळीस ग्रॅम

१४ नोव्हेंबर

ती. दादास,

नमस्कार. सवयीने लिहिला गेला, आता खोडत नाही. आईचं प्लॅस्टर परवा निघालं. काठी टेकत स्वयंपाकघरापर्यंत जाते आणि तिथून मला सूचना देते. तुझी आठवण काढते. मी काढत नाही.

तुझा फोटो पाहिला. अंगात पांढरा कोट, हातात माझा लेसर. हो, माझाच! अवकाशयान उतरताना जमिनीवर किरण सोडून उंची मोजायची, एवढं त्याचं काम. आधी तो एक किलो दोनशे ग्रॅमचा होता. चार वर्षं एकेक ग्रॅम खरवडून मी तो जेवणाच्या डब्यापेक्षा लहान केला. आणि आई पडल्यावर तू आपल्या साहेबांना परस्पर सांगून मोकळा झालास, "तिला आता घर बघावं लागेल, काम मी सांभाळतो." मला विचारलंस? आई दोघांची ना रे? की हाड मोडलं की ती माझ्या एकटीची?

वर फोनवर म्हणतोस, "अगं, तुझ्या भल्यासाठीच केलं." माझ्या भल्याचा ठेका तुला दिला कुणी?

असो. लिहायचं होतं ते वेगळंच.

तीन आठवड्यांपूर्वी आपल्या वर्कशॉपमधल्या लेथवाल्याचा आईची चौकशी करायला फोन आला होता. बोलता बोलता म्हणाला, "ताई, लेन्सचे स्क्रू काढले. दादा म्हणाले, इपॉक्सीने चिकटवू, चाळीस ग्रॅम वाचतात." ती इपॉक्सी मी दुसऱ्याच वर्षी लावून पाहिली होती. हवा काढलेल्या पेटीत तिची वाफ निघते, लेन्सवर बसते आणि किरण ती जाळतो. चार दिवसांत काच काळी पडली होती. म्हणजे ऐन उतरताना यान आंधळं. माझ्या वहीत सगळं आहे. वही तुझ्याच टेबलावर आहे. उघडली नसशील.

हे मला फोनवरच कळलं होतं, दादा. आणि मी गप्प बसले. म्हटलं, पडू दे तोंडघशी. भांडी घासताना तुझा उतरलेला चेहरा डोळ्यांसमोर आणायचे आणि मला बरं वाटायचं. तीन आठवडे!

काल लेथवाल्याने पुन्हा फोन केला. "ताई, सोमवारी आपला डबा यानात बसतोय." त्याचा आवाज आनंदाने कापत होता. तोंडघशी तू एकटा पडणार नव्हतास.

आज सकाळी साहेबांना सगळं कळवलं. मी गप्प बसले होते, तेही. आधी तुला सांगितलं असतं तर तू मला समजावलं असतंस आणि मी नेहमीसारखी समजले असते. साहेबांचं लगेच उत्तर आलं: डबा उघडायचा, तारीख पुढे. तुझी नाचक्की होईल. माझी चौकशी होईल. होऊ दे.

सोमवारी मी कामावर येतेय. आईजवळ तू थांब. गोळ्या फ्रिजवर आहेत. आंघोळीला मदत नको म्हणते, तरी दाराबाहेर उभा राहा आणि अधूनमधून हाक मार. "अगं" नाही, "आई" म्हण.

हे पत्र लेथवाल्याच्या हाती देतेय, कारण माझा फोन तू हल्ली उचलत नाहीस.

अजून तरी तुझी,
धाकटी