बाबांना सांगितलेले अकरा तास

दादा,

बॅग दारातच टाक आणि तडक दवाखान्यात ये, दुसऱ्या मजल्यावर. पहाटे बाबांना हलवावं लागलं. तू विमानात होतास, फोन लागला नाही.

चूक माझी आहे. काल सकाळी तू तिकडून निघालास तेव्हा बाबांनी विचारलं, किती वेळ लागतो. मी मोबाईलवर दोन विमानतळांमधलं अंतर पाहिलं. नऊ हजार किलोमीटर, अकरा तास. तेच ठोकून दिलं. तुला दोनदा विमान बदलायचंय, मधे ताटकळायचंय, सगळे मिळून सत्तावीस तास होणार, हे तुझा मेसेज नीट वाचला तेव्हा कळलं.

तोवर बाबांनी माझ्याकडून दाढी करून घेतली होती आणि उशीला टेकून दाराकडे बघत बसले होते. खरं सांगायला माझी जीभ रेटेना. त्यांचा डोळा लागला तेव्हा मी भिंतीवरचं घड्याळ चार तास मागे केलं. पण जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस तो. जागे झाले, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "एवढा उशीर होणार आहे का गं?"

त्यानंतर ते बोललेले नाहीत.

उशीर का झाला ते त्यांना सांगत बसू नकोस. कानाशी जाऊन एवढंच म्हण, की आलो.

आणि निघण्याआधी ते घड्याळ बरोबर लाव. मला आता त्याला हात लाववत नाही.

धाकटी